‘माझ्याकडे तर साइट नीट उघडते’

वाचक तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कुलात संगणक शिकवतात. शाळेची वेबसाइट २०१६ साली एका माजी विद्यार्थ्याने वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार प्रणालीवर बनवून दिली. तो आता पुण्यात नोकरीला आहे. ‘तुम्ही संगणकाच्या, म्हणजे साइट तुमच्याकडे’ या न्यायाने ती यांच्या गळ्यात पडली. नोटिसा आणि निकालाच्या पीडीएफ चढवणं, एवढंच त्या करतात. दोन वर्षांपासून साइटवर प्रवेश-चौकशीचा फॉर्मही आहे. गेल्या महिन्यापासून पालक सांगताहेत, की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकने साइट उघडली की ‘तुमचं क्रोम जुनं आहे, अपडेट करा’ असं पान येतं आणि एक एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल) उतरते. दोघातिघांनी ती इन्स्टॉलही केली. शाळेतल्या संगणकावर मात्र साइट नीट उघडते. पत्ताही ‘एचटीटीपीएस’नेच सुरू होतो. संस्थेच्या अध्यक्षांचं म्हणणं असं, की प्रवेशाचे दिवस आहेत, झाकली मूठ सव्वा लाखाची. पालकांना काही कळवू नका, जुना बॅकअप टाकून मोकळे व्हा आणि त्या मुलाची पोलिसांत तक्रार करा. वाचक विचारतात: बिघाड पालकांच्या फोनमध्येच असेल का? आमच्या एवढ्याशा शाळेवर कोण कशाला हल्ला करेल? कोणतं सिक्युरिटी प्लगइन (साइटला जादा काम जोडून देणारा छोटा प्रोग्राम) टाकू? आणि पालकांना सांगायचं की नाही?

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीची उत्तरं थोडी थांबली तरी चालतील, हे थांबणार नाही. पालकांना सांगायचं, आणि आजच सांगायचं.

ज्यांनी ती एपीके इन्स्टॉल केली, त्यांच्या फोनमध्ये ती आत्ता, हे वाचताना, चालू असू शकते. अशा अ‍ॅपना बहुतेक वेळा दोन परवानग्या हव्या असतात: एसएमएस वाचण्याची आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची. पहिलीमुळे बँकेचा ओटीपी परस्पर बाहेर जातो. दुसरीमुळे अ‍ॅपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि फोनच्या मालकाच्या वतीने बटणंही दाबता येतात. अध्यक्षांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. प्रवेशाच्या तोंडावर शाळेचं नाव खराब व्हावं असं कुणालाच वाटणार नाही. पण मूठ झाकलेली आहे, हे त्यांनी गृहीत धरलं आहे. ही तक्रार तुमच्याकडे पालकांकडूनच आली. म्हणजे वर्गावर्गाच्या ग्रुपवर ती फिरून झाली आहे. आता लपवण्यासारखं एवढंच उरलं आहे, की शाळेला हे माहीत होतं. उद्या एखाद्या पालकाच्या खात्यातून पैसे गेले, तर बदनामी हॅकिंगची होणार नाही, त्या एका गोष्टीची होईल.

सूचना लांबलचक नको, आणि ती पाठवण्याआधी साइट बंद करा (कशी, ते खाली साफसफाईत सांगितलं आहे). पुढचा मजकूर हवा तर तसाच वापरा: ‘शाळेच्या वेबसाइटमध्ये बाहेरून घुसवलेला हानिकारक कोड आढळल्याने ती तात्पुरती बंद केली आहे. साइट उघडल्यावर क्रोम अपडेट करण्याचा संदेश येऊन एखादी फाइल डाउनलोड झाली असल्यास ती उघडू नये, डिलीट करावी. फाइल इन्स्टॉल केली असल्यास फोनचा मोबाइल डेटा आणि वायफाय ताबडतोब बंद करून शाळेत संपर्क साधावा. खात्यातून रक्कम गेली असल्यास प्रथम १९३० या क्रमांकावर फोन करावा. क्रोमचे अपडेट कोणत्याही वेबसाइटवरून दिले जात नाही.’ खाली मुख्याध्यापकांचं नाव आणि खरोखर उचलला जाईल असा फोन नंबर द्या. १९३० ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे जितक्या लवकर फोन जाईल, तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त.

फोन घेऊन कुणी शाळेत आलंच, तर होम स्क्रीनवर आयकॉन शोधत बसू नका. अशी अ‍ॅप आयकॉन लपवतात. सेटिंग्जमधली अ‍ॅपची पूर्ण यादी उघडा आणि त्या तारखेच्या आसपास आलेलं अनोळखी नाव शोधा. अनइन्स्टॉलचं बटण दबत नसेल, तर त्या अ‍ॅपला दिलेला ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’चा अधिकार आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी आधी काढा. तरीही हटत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून काढा. तेही जमलं नाही तर फोटो आणि कागदपत्रं काढून घेऊन फॅक्टरी रीसेट. बँकेचा पिन आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलायला सांगा. त्याच फोनवरून बदलले तर नवेही गेलेच म्हणून समजा.

आता ‘माझ्याकडे तर नीट उघडते’ याबद्दल. पालकांचा फोन बिघडला असेल ही शंका येणं स्वाभाविक आहे, पण वेगवेगळ्या घरांतले, वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन एकाच साइटवर एकच पान दाखवत असतील, तर दोष साइटमध्येच शोधावा लागतो. घुसवलेला कोड आधी समोर कोण आहे ते पाहतो. तुमच्या ब्राउझरमध्ये वर्डप्रेसच्या लॉगिनची कुकी, म्हणजे तुम्ही लॉगिन केल्याची खूण, असते. ती दिसली की कोड गप्प बसतो, कारण अ‍ॅडमिनला सुगावा लागू द्यायचा नसतो. समोर मोबाइल आहे का, माणूस पत्ता टाइप करून आला की गूगलवरून किंवा एखाद्या लिंकवरून आला, याच इंटरनेट जोडणीला (आयपी पत्त्याला) आज एकदा पान दाखवून झालं आहे का, असं बरंच काही तपासून मगच ते खोटं अपडेट पुढे येतं. म्हणूनच एखादा पालक ‘थांबा, दाखवतो’ म्हणून तुमच्यासमोर लिंक पुन्हा उघडतो आणि काहीच घडत नाही. तो खोटं बोलत नसतो.

तपासायचं असेल तर शाळेच्या वायफायवर नाही, मोबाइल डेटावर तपासा. जिथे कधी लॉगिन केलेलं नाही असा फोन घ्या, गुप्त (इन्कॉग्निटो) विंडो उघडा, गूगलवर शाळेचं नाव शोधा आणि तिथून आत जा. उतरलेली फाइल अर्थातच उघडायची नाही. आणखी एक चाचणी: गूगलमध्ये ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, त्याला चिकटून कोलन आणि पुढे जागा न सोडता शाळेचा पत्ता टाका. शाळेच्या नावाखाली जपानी मजकुराची किंवा जुगाराची, औषधांची पानं दिसू लागली, तर घुसखोरी बहुधा जुनी आहे आणि कदाचित एकापेक्षा जास्त जणांनी साइट वापरून घेतली आहे. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात शाळेचं खातं असेल तर ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये गूगलच्या रोबोला पान कसं दिसतं तेही पाहता येतं. ते तुम्हाला दिसतं त्याहून वेगळं निघालं तर चकित होऊ नका.

आणि ‘एचटीटीपीएस’बद्दल थोडक्यात: त्यामुळे वाटेत कुणी मजकूर वाचू किंवा बदलू शकत नाही, इतकंच. सर्व्हरवरच विष कालवलेलं असेल, तर ते पालकापर्यंत सीलबंद पोचतं.

आमच्यावर कोण हल्ला करेल, या प्रश्नात एक माणूस गृहीत धरला आहे, जो तुमची शाळा निवडतो. असा माणूस नसतो. एक प्रोग्राम लाखो पत्त्यांवर फिरतो आणि अमुक प्लगइन तिथे आहे का, एवढंच विचारतो. बहुतेक प्लगइनच्या फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची फाइल असते, तिच्यात आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो आणि ती कुणालाही उघडता येते. क्रमांक जुना दिसला की पुढचं काम आपोआप होतं. शाळा, पतसंस्था, वाचनालय, होमस्टे, सगळे त्याला सारखेच. उलट, छोट्या साइटकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून ती जास्त दिवस वापरता येते.

उदाहरण घ्या. ‘फाइल मॅनेजर’ नावाचं वर्डप्रेसचं प्लगइन ७ लाखांहून जास्त साइटवर होतं. त्यात ‘एलफाइंडर’ नावाची एक तयार लायब्ररी वापरली होती. तिच्यातल्या एका नमुना-फाइलच्या नावाला शेवटी ‘डॉट डिस्ट’ लावलेलं असतं, जेणेकरून ती सर्व्हरवर चालू नये. प्लगइनमध्ये ते शेपूट काढून ती थेट ‘डॉट पीएचपी’, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, केली गेली. झालं, जगातल्या कुणालाही पासवर्डशिवाय त्या साइटवर हवी ती फाइल चढवता येऊ लागली. सप्टेंबर २०२० मध्ये ६.९ या आवृत्तीत दुरुस्ती आली, पण तोवर हल्ले सुरू झालेले होते. हे प्लगइन टाकणारे लोक कोण? बहुतेक तुमच्यासारखेच, ज्यांना एखादी पीडीएफ हलवण्यासाठी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये शिरायचा कंटाळा असतो. तुमच्या प्लगइनच्या यादीत ते आहे का बघा, आणि असलं तर आवृत्ती कोणतीही असो, काढून टाका. सीपॅनेल या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये तेच काम करण्याची सोय आहे.

दुसरं उदाहरण तुमच्या आणखी जवळचं आहे. शाळेच्या साइटच्या माथ्यावर सरकणारी चित्रं असतात ना, इमारत, स्नेहसंमेलन, दहावीचे गुणवंत? ती सरकवणारं ‘स्लायडर रिव्होल्यूशन’ हे प्लगइन अनेक विकतच्या थीमच्या (साइटच्या तयार रूपाच्या) पोटातच बांधून यायचं. साइटच्या मालकाने ते कधी वेगळं बसवलेलं नसायचं, त्यामुळे ते आपल्याकडे आहे हेही त्याला ठाऊक नसायचं आणि त्याची अपडेटही स्वतंत्रपणे येत नसे. त्यातल्या भोकातून, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटीतून, डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल बाहेरून उतरवता यायची. डिसेंबर २०१४ मध्ये या प्लगइनमार्गे पसरलेल्या ‘सोकसोक’ या मालवेअरमुळे गूगलने ११ हजारांहून जास्त डोमेन धोकादायक ठरवली. दुरुस्त केलेली आवृत्ती त्याच्या कित्येक महिने आधी बाजारात होती.

तुमची थीम कुठून आली, हे त्या माजी विद्यार्थ्याला विचारा. ‘प्रीमियम थीम फुकट’ अशा एखाद्या ठिकाणाहून उतरवलेली असेल, तर भोक शोधायचीही गरज नाही. ‘डब्ल्यूपी-व्हीसीडी’ नावाचं मालवेअर अशाच चोरीच्या थीम आणि प्लगइनमधून वर्षानुवर्षं पसरत राहिलं: थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये चार ओळी, मग ‘डब्ल्यूपी-इन्क्लूड्स’मध्ये स्वतःच्या फाइली, आणि तिथून शेजारच्या बाकी थीममध्ये. अशी थीम साफ करत बसू नये. फेकून द्यावी.

अपडेट किती घाईने करावी लागते याचा अंदाज असावा, म्हणून द्रुपाल या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या प्रणालीचं उदाहरण. १५ ऑक्टोबर २०१४ ला तिच्यातल्या एका गंभीर भोकाची दुरुस्ती जाहीर झाली. दोन आठवड्यांनी त्याच टीमने सांगितलं, की जाहीर झाल्यापासून ७ तासांच्या आत दुरुस्ती न केलेली प्रत्येक द्रुपाल ७ साइट हॅक झाली असं धरून चाला. आपल्या वेळेप्रमाणे तो काळ रात्रीचा, साडेनऊ ते पहाटे साडेचार. म्हणजे हे काम माणसाने जागं राहून करायचं नाहीच, ते आपोआप व्हायला हवं. वर्डप्रेसमध्ये छोट्या सुरक्षा-आवृत्त्या २०१३ पासून आपोआप बसतात आणि ऑगस्ट २०२० च्या ५.५ पासून प्लगइन व थीमसाठीही ते बटण आहे. जानेवारी २०१७ मध्ये ४.७.२ आली, तेव्हा ज्यांचं स्वयं-अपडेट चालू होतं त्यांना काही कळलंही नाही. ज्यांनी ‘अपडेटने साइट मोडते’ म्हणून ते बंद ठेवलं होतं, त्यांच्या पानांवरचा मजकूर भलत्यांनीच बदलला. अपडेटने कधीमधी साइट मोडते हे खरं आहे. मोडलेली साइट मात्र पालकांच्या फोनमध्ये काही टाकत नाही.

पत्रात प्रवेश-चौकशीच्या फॉर्मचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. मला तीच ओळ सगळ्यात जड वाटली. त्या फॉर्ममध्ये आधार कार्डाचा, जन्मदाखल्याचा फोटो मागता का? मागत असाल, तर ते फोटो बहुधा ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये वर्ष-महिन्याच्या कप्प्यांत पडलेले असतील, आणि सर्व्हरवर फोल्डरची यादी दाखवणं बंद केलेलं नसेल तर पत्ता टाइप करून कुणालाही दिसतील, हॅक न करतासुद्धा. फॉर्मच्या नोंदी डेटाबेसमध्ये असतात, आणि ज्याने साइटवर कोड टाकला त्याला डेटाबेसही उघडा होता. म्हणून दोन वर्षांत कोणाकोणाची कोणती माहिती त्यात आली याची यादी करा आणि त्या पालकांना वेगळं कळवा. ही माहिती यापुढे साइटवर गोळा करू नका. चौकशीसाठी नाव आणि फोन नंबर पुरतो, कागदपत्रं प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर बघता येतात. मुलांची माहिती सांभाळायची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आणखी वाढवली आहे. शिवाय अशा घटना सीईआरटी-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवायच्या असतात. एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत. तुमचे ६ तास कधीच उलटले, तरी कळवा. कळवण्याचा फॉर्म तिच्या साइटवर आहे, आणि त्यांच्याच सायबर स्वच्छता केंद्रावर फोन आणि संगणक तपासायची मोफत साधनंही मिळतात.

आता साफसफाई. इथे क्रम चुकला की सगळं घोंगडं भिजत पडतं, म्हणून जरा रेंगाळतो.

साइट आधी लोकांसमोरून काढा. सीपॅनेलमध्ये ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरचं नाव बदला, त्याच नावाचा नवा रिकामा फोल्डर करा आणि त्यात एकच साधं पान ठेवा: शाळेचं नाव, फोन, प्रवेशाच्या तारखा, वरची सूचना. दहा मिनिटांचं काम आहे, आणि प्रवेशही अडत नाहीत. काही पुसण्याआधी जुना फोल्डर, डेटाबेस आणि अ‍ॅक्सेस लॉग (साइटवर कोण कधी आलं याची सर्व्हरवरची नोंद) यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यावर ‘उघडू नये’ असं लिहा. लॉगमुळे घुसखोरी कधीपासूनची आहे ते कळतं. होस्टिंगवाले तो थोडेच दिवस ठेवतात, म्हणून आजच उतरवा.

पासवर्ड बदलण्याआधी ज्या संगणकावरून लॉगिन करता तो तपासा. शाळेच्या ऑफिसमधल्या मशीनवर क्रॅक केलेलं टायपिंगचं किंवा ऑफिसचं सॉफ्टवेअर असेल, तर ब्राउझरमध्ये आणि एफटीपीच्या (सर्व्हरवर फाइली चढवण्याच्या) प्रोग्राममध्ये साठवलेले पासवर्ड तिथूनच गेले असण्याची दाट शक्यता आहे. अशा मशीनवर बसून नवा पासवर्ड ठेवणं म्हणजे तो हातोहात देणं. मग स्वच्छ मशीनवरून होस्टिंग पॅनेल, एफटीपी, डेटाबेस, वर्डप्रेसची सगळी खाती, शाळेच्या डोमेनवरचे ईमेल आणि डोमेन जिथे नोंदवलं ते खातं, सगळ्यांचे बदला. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या वर्डप्रेसच्या मुख्य सेटिंग-फाइलमधल्या आठ गुप्त किल्ल्याही बदला. त्या बदलल्या की आधीपासून लॉगिन करून बसलेले सगळे बाहेर फेकले जातात. पासवर्ड बदलूनही घुसखोर आत राहतो, त्याचं एक कारण या किल्ल्या तशाच राहणं हे असतं.

फाइली ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. ‘डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन’ आणि ‘डब्ल्यूपी-इन्क्लूड्स’ हे दोन फोल्डर पूर्ण पुसून वर्डप्रेसच्या मूळ साइटवरून नवे टाका. प्लगइन जुन्या फोल्डरमधून उचलू नका, नावं कागदावर लिहून नव्याने उतरवा. जुन्यातल्या फक्त तीनच गोष्टी घ्यायच्या, आणि तिन्ही तपासून.

पहिली, ‘अपलोड्स’. यात चित्रं आणि पीडीएफ असायला हवेत, पीएचपी फाइल एकही नको. एखादी दिसली तर ती घुसखोराचीच समजा. टिंबाने सुरू होणारी ‘फेव्हिकॉन’ नावाची, शेवटी ‘आयसीओ’ असलेली फाइल दिसली तर नोटपॅडमध्ये उघडून बघा. आयकॉनच्या नावाखाली कोड दडवण्याची ती ठरलेली जागा आहे. दुसरी, ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’: ओळ न ओळ वाचा. उजवीकडे स्क्रोल करूनही वाचा, कारण शंभर-दोनशे रिकाम्या जागा सोडून पलीकडे कोड लिहिलेला असतो आणि नुसत्या नजरेला ओळ स्वच्छ दिसते. ‘इव्हॅल’, ‘बेस६४ डीकोड’, ‘जीझेडइन्फ्लेट’ असे शब्द आणि पुढे अर्थहीन अक्षरांची रांग दिसली, तर ते तिथे असण्याचं कारण नाही. तिसरी, डेटाबेस. वापरकर्त्यांच्या तक्त्यात अनोळखी अ‍ॅडमिन, ‘ऑप्शन्स’मध्ये साइटचा बदललेला पत्ता, लेखांच्या मजकुरात स्क्रिप्टचा टॅग, आणि हेडर-फूटरमध्ये कोड टाकायच्या प्लगइनमध्ये साठवलेला तुकडा. हे शेवटचं नेहमी राहून जातं.

जुन्या फोल्डरमध्ये ‘एमयू-प्लगइन्स’ होता का, तेही पाहून ठेवा. त्यातलं काहीही आपोआप चालतं आणि बाकीच्या प्लगइनसारखं बंद करता येत नाही. सीपॅनेलमधल्या ‘क्रॉन जॉब्स’ची यादी उघडा. दर काही मिनिटांनी बाहेरून फाइल ओढून आणणारी एखादी ओळ तिथे असेल, तर तुम्ही दिवसभर केलेली सफाई रात्रीत पुसली जाते आणि सगळे म्हणतात, ‘साइट पुन्हा हॅक झाली’. पुन्हा नाही, तीच.

त्याच होस्टिंग खात्यात आणखी काय पडलं आहे? ‘गॅदरिंग’, ‘टेस्ट’, ‘न्यू’ अशा नावाने अर्धवट सोडलेल्या साइटचे फोल्डर जवळपास सगळ्या जुन्या खात्यांत सापडतात. एका खात्यातले सगळे फोल्डर सर्व्हरच्या दृष्टीने एकाच वापरकर्त्याचे असतात. एकात शिरलेला कोड बाकी सगळ्यांत लिहू शकतो. तुम्ही मुख्य साइट चकाचक केली आणि २०१७ च्या संमेलनाची साइट तशीच ठेवली, तर काम वाया गेलं. तिथेच कुणी सोयीसाठी ठेवलेली ‘बॅकअप’ नावाची झिप फाइल असेल तर तीही हलवा. ती नावाचा अंदाज बांधून उतरवता येते आणि तिच्यात अख्खा डेटाबेस असतो.

जुना बॅकअप टाकून मोकळं होणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, हे आता लक्षात आलं असेल. बॅकअप घुसखोरीच्या आधीचा असला तरी भोक त्यात जसंच्या तसं आहे. आणि तक्रार गेल्या महिन्यात आली म्हणून घुसखोरी गेल्या महिन्यातली, असं धरता येत नाही. मागचं दार करून ठेवतात आणि वापरायला कित्येक महिन्यांनी येतात.

सिक्युरिटी प्लगइनचंही तसंच. ती उपयोगी आहेत, पण साफ साइटवर. आधीच पोखरलेल्या साइटवर बसवलेल्या तपासनिसाला मालवेअर गुंगारा देऊ शकतं, कारण दोघांचे अधिकार सारखेच. फुकट आवृत्त्यांच्या मर्यादाही माहीत असाव्यात; ‘वर्डफेन्स’ या अशाच एका प्लगइनच्या मोफत आवृत्तीला नव्या हल्ल्यांविरुद्धचे नियम ३० दिवस उशिरा मिळतात.

सगळं झाल्यावर सर्च कन्सोलमध्ये ‘मालक’ म्हणून कोण कोण नोंदलं आहे ते पाहा. घुसखोर स्वतःला तिथेही मालक करून घेतात. अनोळखी नाव काढा, त्याने ठेवलेली पडताळणीची फाइलही काढा आणि गूगलचा इशारा आला असेल तर फेरतपासणीची विनंती करा. काय सापडलं आणि काय केलं ते चार वाक्यांत लिहा. उत्तराला काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. घाईने, अर्धवट सफाईवर विनंती करू नये. नाकारली गेली की पुढची आणखी रेंगाळते.

हे सगळं वाचून ‘एवढं मी शाळा सांभाळून कधी करणार’ असं मनात आलं असेल, तर तो प्रश्न अगदी रास्त आहे, आणि खरं उत्तर तिथेच सुरू होतं. शाळेला वर्डप्रेस हवंच आहे का? सहा पानं, फोटो, वर्षाला चाळीस-पन्नास नोटिसा, एवढ्यासाठी डेटाबेस, पीएचपी आणि पंधरा प्लगइन चालवणं मला जास्तीचं वाटतं. साध्या एचटीएमएल पानांची साइट करा. तिच्यात लॉगिन नाही, प्लगइन नाही, त्यामुळे घुसायच्या बहुतेक वाटाच नाहीत. उरतो तो होस्टिंगचा पासवर्ड, त्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. तुमच्या नववी-दहावीच्या मुलांना एचटीएमएल शिकवताच, तीच पानं शाळेची होऊ शकतात. अडचण एकच, नोटीस टाकायला तुम्हीच लागाल, क्लार्कना ते जमणार नाही. तरी मी हाच पर्याय निवडेन.

वर्डप्रेसच ठेवायचं ठरलं, तर महिन्यातून एक तास आणि वर्षाला थोडे पैसे हे कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवावे लागतील. स्वयं-अपडेट चालू. न वापरलेली प्लगइन आणि थीम नुसत्या बंद न करता पुसून टाकायच्या, कारण बंद प्लगइनच्या फाइलीही बाहेरून उघडता येतात. प्रत्येक प्लगइनचं वर्डप्रेसच्या साइटवरचं पान वर्षातून दोनदा बघायचं. एखादं प्लगइन तिथून काढून टाकलं गेलं तरी तुमचा डॅशबोर्ड तसं सांगत नाही, अपडेट येत नाही म्हणजे सगळं ठीक असं वाटत राहतं. पीएचपीची आवृत्तीही बघा. २०१६ च्या साइट अजून ५.६ वर सापडतात, तिचा सुरक्षा-आधार २०१८ अखेर संपला, ७.४ चाही नोव्हेंबर २०२२ मध्ये. नोटिसा टाकणाऱ्यांना ‘एडिटर’ करा, अ‍ॅडमिन एकच. ‘अपलोड्स’मध्ये पीएचपी चालू नये असा नियम होस्टिंगवाल्यांकडून लावून घ्या, वर सांगितलेल्या फाइल मॅनेजरसारख्या भोकापासून प्रत्येक वेळी तो वाचवेलच असं नाही, पण घुसखोरांची सगळ्यात आवडती जागा बंद होते.

राहिला तो मुलगा. त्याने २०१६ मध्ये साइट बनवून दिली, सांभाळायचं कुणाशीच ठरलं नव्हतं आणि त्याचे पैसेही कुणी दिले नव्हते. त्याची तक्रार म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पोलिसांत तक्रार जरूर करा, अज्ञात व्यक्तीविरुद्ध, पेनड्राइव्हवरची प्रत सोबत घेऊन. त्या मुलाची तर तुम्हाला गरज आहे. डोमेन कुणाच्या नावावर आहे, नूतनीकरणाची मेल कुणाला जाते, हे त्यालाच ठाऊक असणार, आणि फार करून ते त्याच्या कॉलेजच्या काळातल्या ईमेलवर असेल. मुदत संपून डोमेन दुसऱ्या कुणी घेतलं, तर शाळेच्या नावावर जुगाराची जाहिरात लागेल आणि तेव्हा साफ करायलाही हातात काही नसेल. त्याला नीट फोन करा, दोषाचा सूर नको. डोमेनचं कुलूप काढून हस्तांतराचा कोड मागा, किंवा त्याची आणि शाळेची डोमेन नोंदवणारी कंपनी एकच असेल तर नुसतं खातं बदलून घ्या. नवं खातं तुमच्या वैयक्तिक मेलवर नको, मुख्याध्यापक पदाच्या मेलवर करा, आणि तो मेल शाळेच्या याच डोमेनवरचा नसावा; डोमेन अडकलं तर मेलही अडकेल. पाच वर्षांचं नूतनीकरण एकदम भरून टाका.